जन्मापासूनचे रहिवासी

आमच्या खव्याच्या भट्टीवरचे मामू कुणी काहीही विचारलं की आधी कार्ड काढायचे. प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेलं निर्वासिताचं कार्ड. समोर पोलीस असो की दूधवाला, मामू सांगणारच, "मैं बर्मा का. घर जलाया, भागके आया." मी वैतागायचो. "मामू, कॅन कुठं ठिवू एवढंच इचारलंय त्यानं!"

"सच बोलनेकू क्या डर, आण्णा?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

हैदराबादच्या एका गिऱ्हाइकानं त्यांना भूमला माझ्याकडं पाठवलं होतं. भूमच्या आसपास भट्ट्या पुष्कळ, पण कढईवर मामूंसारखा माणूस मी पाहिला नाही. उलथणं एकदा फिरायला लागलं की खवा होईपर्यंत मान वर नाही. "दूध को पीठ नै दिखाना," म्हणायचे. त्यांचे दोन्ही भाऊ तिकडं मारले गेले होते. परत पाठवलं तर, असं मी एकदा विचारलं. "फिर कार्ड का काम नै पडता," एवढंच बोलले. त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

दर महिन्याला त्यांना ठाण्यात हजेरी असे. सकाळी गेलेला माणूस दुपारपर्यंत बाकावर. साहेब बदलला की पुन्हा पहिल्यापासून सगळी कहाणी. एक म्हणे कार्ड चालतं, दुसरा म्हणे असली कार्डं दिल्लीत दाखवा. नक्की नियम काय, ते कुणालाच ठाऊक नव्हतं आणि विचारलं की उलट आमच्यावरच डाफरायचे. "इथला काही पुरावा हाय का?" हे मात्र प्रत्येक जण विचारायचा.

मग मी माझी अक्कल पाजळली. भट्टी शेजारच्या गावाच्या हद्दीत येते आणि तिथला सरपंच माझा वर्गमित्र. आमच्याकडं माणूस आवडला की त्याला कागद काढून देतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. सरपंचानं छापील फॉर्म काढला. त्यावर आधीच छापलेलं होतं, 'सदर इसम जन्मापासून येथील रहिवासी आहे.'

"जन्मापासून खोडू का?" सरपंच म्हणाला.

"ऱ्हाऊ दे. कोण वाचतंय?"

मामूंना मराठी वाचता येत नव्हतं. "क्या लिखा है?" त्यांनी विचारलं. तुम्ही इथं राहता असं लिहिलंय, मी म्हणालो. मामूंनी दाखला कपाळाला लावला आणि कार्डाच्या पिशवीत ठेवला.

बाहेरदेशच्या लोकांची पडताळणी सुरू झाली तेव्हा ठाण्यातले नवे साहेब थेट भट्टीवर आले. मामूंनी सवयीनं सगळी पिशवीच पुढं केली. साहेबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले.

"जन्म कुठला?"

"बर्मा."

साहेबांनी दाखला मोठ्यानं वाचला. मामूंनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

"कुणी काढून दिला? त्याच्यावरही गुन्हा दाखल करतो," साहेब म्हणाले.

मी तोंड उघडणारच होतो, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलोय. मामू आधी बोलले. "मैं निकाला साहेब. आण्णाकू कुछ मालूम नै." मामूंना खोटं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. मी गप्प राहिलो आणि साहेब त्यांना घेऊन गेले.

त्यांना शहरातल्या कुठल्याशा कोठडीत ठेवलं होतं. दोनदा एसटीनं गेलो. "नातं काय?" फाटकावरचा शिपाई विचारायचा. मालक म्हटलं की हात हलवायचा. भेट फक्त नातेवाइकांना. आता मामूंचे नातेवाईक मी कुठून आणायचे? वकील म्हणाला, आसरा मागितला त्याचं काही नाही, पण या खोट्या दाखल्यानं घाण केली. तो ज्यानं काढला त्यानं तसं लिहून दिलं तर काही करता येईल. मी म्हणालो, घरी विचारून सांगतो.

घरी मी कुणालाच विचारलं नाही. पुढच्या महिन्यात हैदराबादहून फोन आला, मामूंना सीमेपलीकडं सोडलं म्हणून. त्यानंतर त्यांची काही खबर नाही.

या विषयावर मी चारचौघांत फार तावातावानं बोलतो. साहेबांना शिव्या घालतो, कायद्याला घालतो. लोक माना डोलावतात. पण ठाणं भट्टीपासून चालत पाच मिनिटांवर आहे आणि दाखला मी काढला, हे सांगायला मी अजून तिथं गेलेलो नाही.