खेळपट्टीवरचे मोर

मी क्रिकेट संघटनेचा अध्यक्ष आहे आणि मला क्रिकेट येत नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नसतो, हे कुठल्याही संघटनेत जाऊन विचारा.

माझा धंदा चादरींचा. सोलापुरात आणखी कशाचा असणार! शाळेत असताना मी मैदानात एकदाच उतरलो. पहिलाच बॉल सोडून दिला आणि बॅट फिरवून आपल्याच यष्ट्या आडव्या केल्या. त्यानंतर पोरांनी मला बाहेर बसवून सामानाची राखण दिली, आणि तिथून माझी कारकीर्द जी चढत गेली ती आजतागायत. पुढं कारखाना काढला, संघाला घाम पुसायला फुकट टॉवेल दिले, तर कमिटीवर घेतलं. चादरी दिल्या, तर अध्यक्ष केलं. (गालिचे विणत असतो, तर एव्हाना दिल्लीत असतो!)

आमची गौरी मात्र खरी खेळाडू. माझी मुलगी असूनसुद्धा! ऑफस्पिन अशी टाकते की समोरची पोरगी बॅट फिरवून झाल्यावर बॉल कुठं गेला म्हणून मागं बघते. यंदा राज्याच्या शिबिरासाठी मुलींची निवड होती. निवड करणारे साहेब पुण्याहून एकच सामना बघायला येणार होते, आणि तो सामना आमच्या मैदानावर. पुढच्या वर्षी गौरी वयाच्या अटीत बसणार नव्हती. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही.

"पप्पा, माझ्यासाठी एक कराल?" गौरीनं विचारलं.

"बोल की! काय करू?"

"काही पण करू नका."

पोरगी असं म्हटल्यावर कुठला बाप गप बसेल? मी पेटलो. सामना असा झाला पाहिजे की साहेबांनी जन्मभर नाव काढलं पाहिजे! (तेवढं मात्र झालं.)

आदल्या संध्याकाळी मैदानावर गेलो. आमच्याकडचं ऊन म्हणजे तुम्हाला ठाऊकच आहे. खेळपट्टीला भेगा पडू नयेत म्हणून मैदान सांभाळणारे रज्जाकमामू तिच्यावर पाणी मारून ओली पोती अंथरतात. पोती साखर कारखान्याची, त्यांना अजून मुंगळे लागायचे. मला बघवेना.

"मामू, पुण्याचे साहेब येणार आणि आपण त्यांना पोती दाखवायची? चादरीच्या गावात?"

"बात तो सही है सेठ," मामू म्हणाले.

झालं! कारखान्यातून टेंपो मागवला. लालभडक, मोराच्या नक्षीच्या, मागावरून नुकत्याच उतरलेल्या कोऱ्या चादरी! मी स्वतः गुडघ्यावर बसून काठाला काठ जुळवले. मामूंनी वरून पाइपानं मनसोक्त पाणी मारलं.

"वा सेठ! एकदम शादी का मंडप लगता!"

मी फोटो काढून संघटनेच्या ग्रुपवर टाकला. अंगठ्यांचा नुसता खच पडला.

सकाळी आम्ही चादरी उचलल्या. मोर खालीच राहिले.

राखाडी खेळपट्टीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल मोर! पिसारे फुलवून, चोचीला चोच लावून, एकही मोर कुठं फिसकटलेला नाही. छपाई म्हणून पाहिलं तर अव्वल काम होतं. मामूंनी टोपी काढून डोकं खाजवलं.

"सेठ, ये तो बैठ गये."

पण हार मानेल तो अध्यक्ष कसला? रंग सुटतोय म्हटल्यावर काय करायचं, हे आमच्याकडं शेंबड्या पोराला ठाऊक असतं. मीठ! मी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून जाड्या मिठाचं पोतंच उचलून आणलं आणि मुठी भरभरून उधळायला लागलो. मामू मागून पाणी मारतायत, मी पुढं मीठ फेकतोय, आणि मोर क्षणाक्षणाला जास्तच टवटवीत दिसतायत!

तेवढ्यात बायको डबा घेऊन आली. तिनं एकवार खेळपट्टीकडं आणि एकवार माझ्याकडं बघितलं.

"अहो, मीठ कशाला टाकताय?"

"रंगासाठी!"

"अवो, मिठानं रंग जात न्हाय, धरून बसतोय! जन्म गेला चादरीत, आणि एवढं कळंना व्हय तुमाला?"

मुठीतलं मीठ मुठीतच राहिलं, आणि नेमके मागं पुण्याचे साहेब येऊन उभे.

"हे काय चाललंय?" साहेबांनी विचारलं.

"दृष्ट... दृष्ट काढतोय साहेब! खेळपट्टीची!"

साहेबांनी खिशातून लाल चेंडू काढला आणि मोरांवर टाकला. चेंडू दिसेनासा झाला. मोरांनी गिळला म्हणा की! साहेब वाकून शोधत होते, मी शोधत होतो, शेवटी मामूंना तो पायाखाली सापडला.

"सामना रद्द," साहेब म्हणाले. "मी परत निघतो."

पलीकडं गौरी बूट बांधत होती. ती माझ्याकडं बघेल, रडेल, निदान चिडेल तरी, असं वाटलं. तिनं माझ्याकडं ढुंकूनही बघितलं नाही. सरळ साहेबांपुढं जाऊन उभी राहिली.

"सर, पांढरा बॉल घेऊ. दोन्ही संघांकडं सरावाचे रंगीत टी-शर्ट हायत, ते घालू. सामना म्हणून धरू नका, पण आमचा खेळ तर बघाल?"

"या असल्या खेळपट्टीवर?"

"मोर दोघांनाबी सारखेच की सर!"

साहेब हसले नाहीत. पण खुर्ची मागवून बसले.

आणि मग त्या पोरीनं जी काही बॉलिंग टाकली! समोरच्या पोरी मोर बघत बसायच्या, गौरी बॉल बघायची. साहेब हळूहळू खुर्चीच्या कडेला सरकले. मी सीमारेषेबाहेर मिठाच्या रिकाम्या पोत्यावर बसून रडत होतो, आणि मामू लोकांना सांगत होते, "सेठ की आँख में नमक गया." गौरी निवडली गेली. जाताना साहेब माझा हात हातात घेऊन म्हणाले, "मुलगी तुमच्यावर गेलेली नाही, हे संघटनेचं भाग्य." मी आभार मानले.

शिबिराला जायच्या दिवशी मी तिच्यासाठी कारखान्यातली सगळ्यात भारी चादर घेऊन आलो. गौरीनं ती नीट घडी करून माझ्याच हातात दिली.

"नको पप्पा. तिथं पांढऱ्या कपड्यात खेळायचंय. चादर आणि घामाचे कपडे एकाच बॅगेत असतात."

गाडीला थोडाच वेळ होता. मी, चादरींचा कारखानदार आणि क्रिकेट संघटनेचा विद्यमान अध्यक्ष, स्कूटर काढून सात रस्ता चौकात गेलो. ओळखीचं दुकान टाळून अनोळखी दुकानात शिरलो, परगावच्या कंपनीची चादर हातात घेतली, आणि इकडंतिकडं बघून हळूच विचारलं,

"काय हो, रंग जात न्हाय ना?"