खड्डेवाले आबा

आबांनी माझी बादली माझ्याच पायावर पालथी केली, ती आमची पहिली ओळख. भाताची शितं, कांद्याची सालं आणि त्यात एक दुधाची रिकामी पिशवी. ती माझ्या नाकासमोर धरून म्हणाले, "ताई, गांडुळं काय चहा टाकत्यात व्हय?"

मी भडकले. "आबा, तोंड सांभाळा!"

"तुमी बादली सांभाळा, मी तोंड सांभाळतो."

असा माणूस! कळसचे शेतकरी, बायको गेल्यावर बारामतीला आमच्या कॉलनीत लेकीकडे राहायला आले. कॉलनीच्या मोकळ्या जागेत कचऱ्याचा उकिरडा होता. आबांनी तिथं खड्डे खणले आणि घरोघरचा ओला कचरा मागून खत करायला लागले. भोवती शेवगा, पपई, केळी लावल्या. भांडल्याशिवाय त्यांचा दिवस जात नसे. एकानं डायपर टाकलं, तर आबांनी ते त्याच्याच स्कूटरच्या सीटवर नेऊन ठेवलं. तुम्हीही त्यांना शिव्याच घातल्या असत्या.

पण उन्हाळ्यात नळ आटले, आमच्या कुंड्या वाळून गेल्या आणि आबांची केळी मात्र हिरवीगार. काटेवाडीहून ट्रॅक्टरभर पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, आणून त्यांनी जमिनीवर जाड अंथरलं होतं. "माती उघडी ठिवायची न्हाय," म्हणायचे. ते पाचटच नडलं.

कोपऱ्यातल्या बंगल्याच्या मालकाला ती जागा गाड्या लावायला हवी होती. एका सकाळी त्यानं पाचटाला काडी लावली. आमच्याकडे ऊस तुटला की पाचट पेटवायची सवयच, वर तोंड करून म्हणतो कसा, "पाचटच तर हाय, त्यात काय एवढं?"

जाळ भडकला. आबा अनवाणी त्यात शिरले, हातानं पाचट ओढायला लागले. खड्डा उकरला तर वरची सगळी गांडुळं भाजून निघालेली. आबांनी खोरं उचललं आणि मालकाच्या डोक्यात घातलं. त्याचा पांढरा शर्ट रक्तानं भरला. "जिती व्हती रं ती! जिती व्हती!" आबा ओरडत होते. मालकाच्या पोरांनी त्यांना खाली पाडलं, बरगड्यांत लाथा घातल्या. मी मध्ये पडले, मलाही ढकललं. आबांचा हात मोडला तो आवाज मी ऐकला. मेला अजून कानातून जात नाही.

तडजोड कॉलनीतल्या मारुतीच्या देवळात झाली. खड्डे बुजवायचे नाहीत, म्हणून आम्ही बायका हटून बसलो. डोक्याला पट्टी बांधलेला मालक म्हणाला, "ऱ्हाऊ द्या खड्डे. केसबी करत न्हाय. पर म्हातारा पुन्हा कॉलनीत दिसला, तर त्याच दिवशी जेसीबी लावीन."

"आणि हात कुणी मोडला?" मी ओरडले.

"ताई, गप." आबांनी त्याच्याकडं पाहिलं. "मी न्हाय दिसलो तर खड्डे ऱ्हातील?"

"ऱ्हातील."

"मग मी चाललो."

त्या दुपारी गळ्यात हात बांधून ते एसटीनं कळसला गेले.

पुढं लेकीला मुलगी झाली. बारशाला आबा आले आणि कॉलनीच्या गेटाबाहेर, रस्त्यावर उभे राहिले. लेक रडकुंडीला आली. "आबा, आत या हो."

"न्हाय. पाय टाकला की खड्डे गेलं."

मालक मांडवात जेवत होता. मी म्हटलं, "उठा, बोलवा त्यांना." तो भात कालवत राहिला. "मी कुठं अडवलंय?" त्याच्या डोक्यावरच्या टाक्यांच्या व्रणावर पुन्हा खोरं घालावंसं वाटलं मला.

शेवटी लेकच पोर घेऊन बाहेर गेली. आबांचा हात वाकडा जुळला होता, पोर पेलवेना. ते रस्त्याच्या कडेला फतकल मारून बसले, लेकीनं नात मांडीवर ठेवली. शेजारून ट्रक धुरळा उडवत जात होते. मला म्हणाले, "ताई, खड्डा आतनं गरम हाय का?"

खत चांगलं होत असलं की खड्डा गरम असतो. "आहे," मी म्हटलं.

"मग झालं."

नातीच्या कपाळावरचा धुरळा त्यांनी पुसला, तिला लेकीच्या हाती दिलं आणि स्टँडकडं निघाले. पावसाळ्यात आबा कळसलाच वारले. त्या पोरीनं आपले आजोबा पाहिले ते तेवढेच.