घागर डॉक्टर

आमच्या धारूरच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरसाहेबांचा आवाज एवढा दांडगा, की त्यांनी रोग्याला "आ कर" म्हटलं की किल्ल्यावरची माकडंही तोंडं उघडून बसायची. हे मी पाहिलेलं नाही. पण माकडांनी कधी नाकारलेलंही नाही.

हैदराबादेत शिकलेला माणूस. निजामाचा अंमल, वर महायुद्धाची टंचाई. तरी त्यांच्या कपाटात सल्फाच्या पांढऱ्या गोळ्यांची एक बाटली असे, आणि ती ते पोटच्या पोरीसारखी जपत. त्या गोळीचा शोध विलायतेत लागला असेल, पण तिला खरं कामाला लावलं ते आमच्या धारूरात. गोळी हातावर, की घागर उशाशी! घागरभर पाणी प्यायचंच, एवढी एकच अट. म्हणून सारा गाव त्यांना घागर डॉक्टर म्हणे, आणि ते खुशाल ओ देत.

आमच्या घरी मात्र ती घागर अडली. माझ्या जन्मानंतर पाचव्या दिवशी आईला बाळंतज्वर चढला. मी तिथे जातीनं हजर होतो, दुपट्यात होतो एवढंच; तेव्हा पुढचा शब्द न् शब्द खरा समजावा. अंग असं तापलेलं, की खाटेखाली ठेवलेलं दूध उतू गेलं. त्या काळी या तापातून बाई सहसा उठत नसे. शेजारणी हळू आवाजात बोलू लागल्या होत्या. घरात हुकूम चाले आत्याबाईंचा, म्हणजे वडिलांच्या थोरल्या बहिणीचा. बाळंतिणीला पाणी म्हणजे विष, हा त्यांचा कायदा. ओव्याच्या कोमट पाण्यानं ओठ ओले करायचे, बस्स.

साहेबांनी आईला तपासलं, गोळ्या दिल्या, सोबत खायचा सोडा दिला, घागर भरून ठेवायला लावली. दुसऱ्या दिवशी आले ते सोयऱ्यांनी भरलेल्या ओसरीत उभे राहून गरजले, "वहिनींना लघवी किती झाली?"

सोयऱ्यांच्या माना खाली. आत्याबाई दाराआडून कडाडल्या, "लाज हाय का न्हाई वो तुमाला? बाप्यानं इचारायची गोष्ट हाय का ही?"

"लाज हैदराबादेत ठेवून आलोय, बाई. किती झाली?"

थेंबभर, तीही गढूळ. घागर तर रिकामी! साहेब तडक परसात गेले. केळीच्या बुंध्याशी ताजा चिखल झालेला.

"केळीला ताप आलाय का, आत्याबाई?"

"पाणी पाजलं तर वायू धरंल, पोरगी जाईल," आत्याबाईंचा आवाज फाटला. "मग हे लेकरू कोन सांबाळंल? तुमी?"

साहेब एकदम उंबऱ्यात फतकल मारून बसले. असा बारीक आवाज त्यांच्या गळ्यात होता, हे गावाला त्या दिवशी कळलं.

"भाजलेली ज्वारी पेरली तर उगवंल का, बाई?"

"न्हाई."

"ही गोळी म्हणजे तापाच्या जंतूसाठी भाजलेली ज्वारी. त्याला बियाणं वाटतं, तो हौसेनं पेरतो, उगवत काय न्हाई. पैदास थांबली, की उरल्यासुरल्याला वहिनींचं रक्तच हाणतंय. पण गोळी बाहेर पडते गुर्द्यातून, लघवीवाटे. पाणी न्हाई मिळालं, तर तिथंच तिचे खडे धरतात. मग वहिनी तापानं न्हाई, माझ्या गोळीनं मरतील." मग ते उठले. "एक तांब्या त्यांना, एक मला. वायू धरला तर दोघांना धरंल. आणा!"

आत्याबाईंनी पहिला तांब्या आईच्या तोंडाला लावला. दुसरा साहेबांनी घटाघटा संपवला. मग तांब्यामागं तांब्या, आणि मधूनमधून साहेब लघवीला परसात. गावातल्या तीन विहिरी तळाला गेल्या म्हणतात. मी आपल्या दोनच धरतो. दिवस कलताना आत्याबाई दाराशी आल्या, पदर तोंडावर घेऊन पुटपुटल्या, "झाली. साफ झाली." साहेबांनी ठोकलेल्या आरोळीनं मी दचकून रडलो, आणि आईनं कूस वळवून मला जवळ घेतलं. ताप हळूहळू उतरला. तो उतरल्यावरही साहेबांनी ठरल्या गोळ्या पुऱ्या करून घेतल्या, रोज उंबऱ्यात बसून.

पुढं त्यांची बदली झाली. मी तेव्हा धोतराएवढ्या चड्डीत, टांग्यापुढं उभा. सगळा गाव जमलेला. गर्दी फोडत आत्याबाई आल्या, डोक्यावर भरली घागर. घोड्यापुढं उभ्या राहून म्हणाल्या, "एक तांब्या पिल्याबिगर टांगा हलणार न्हाई."

साहेब प्याले. डोळे पुसायचं निमित्त करून तोंड पुसलं, की उलटं, कोण जाणे. टांगा हलला, वळणावर पोचला, तेव्हा ज्यांनी जन्मात परपुरुषापुढं पदर ढळू दिला नव्हता त्या आमच्या आत्याबाईंनी, साऱ्या बाजारपेठेला ऐकू जाईल असं ओरडून विचारलं,

"साहेब! लघवी साफ होतीया न्हवं?"