कोळशावरची मोटार

लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेना, तेव्हा आमच्याकडच्या मोटारी कोळशावर चालायच्या. मोटारीच्या मागे माणसाच्या उंचीची लोखंडी टाकी असे. तिच्यात कोळसा पेटवायचा आणि त्याच्या वायूवर इंजिन चालवायचं. चढ आला की मोटार हटकून थांबायची.

त्या साली ह्यांच्या पोटात कळ उठली. तीन दिवस शेक दिला. चौथ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, “नंदुरबारला ने.” दीर कापूस घेऊन बाहेरगावी गेलेले, म्हणून मी एकटीच ह्यांना घेऊन निघाले. ब्राह्मणपुरीहून प्रकाशापर्यंत बैलगाडी, मग नावेनं तापी, आणि पलीकडे मोटार.

काठावरचा चढ लागला आणि मोटार बंद पडली. ड्रायव्हर मागे जाऊन टाकीचा पंखा हातानं फिरवू लागला. नुसता धूर.

“काय करू माय, कोळसा ओला शे,” तो मला म्हणाला. मग सगळ्यांना ओरडून म्हणाला, “उतरा, धक्का द्या.”

हेही उतरले. मी म्हटलं, “तुम्ही बसा ना.”

“सगळे ढकलताहेत, मी कसा बसू?”

त्यांनी मागच्या पत्र्याला हात लावला. जोर नव्हताच, नुसता हात. चार पावलं चालले आणि रस्त्याच्या कडेला बसले. मी पदर खोचला आणि ढकलत राहिले. चढ संपेपर्यंत मागे पाहिलं नाही. मग दोघा उतारूंनी ह्यांना उचलून आत आणून निजवलं.

पुढे आणखी दोनदा मोटार थांबली. दवाखान्यात पोचलो तेव्हा दिवस कलला होता. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. “आतडं फुटलंय. सकाळी आणायचं होतं, बाई.” मी मान हलवली. मोटारीचं काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे गेले. तिथल्या भाऊबंदांनी तिथंच अग्नी दिला. मला रडू आलं नाही. माझ्या नखांत कोळसा भरला होता, तो काडीनं काढत बसले. “रड गं, मोकळी हो,” असं कुणीतरी म्हणत होतं. ऐकू येत होतं, एवढंच.

दीर मला न्यायला आले. घरी पोचले तर सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, “मोटार वेळेवर मिळाली होती ना?”

“हो,” मी म्हटलं आणि आत गेले. त्यानंतर आमच्यात त्या दिवसाचं बोलणं कधी झालं नाही.