दामूकाकांचा कापूस

दिल्लीत मुनिरकाजवळच्या आमच्या संस्थेत प्रयोगाच्या उंदरांची देखभाल दामूकाका करतात. मूळचे वाशिमचे, राहायला गाझियाबादला, आणि तीस वर्षांत एकाही शास्त्रज्ञाला न घाबरलेले. पिंजऱ्यात हात घालण्याआधी तळवे घासून गरम करतात. मी नवी असताना घाईत उंदीर उचलला, तेव्हा सगळ्यांसमोर माझी खरडपट्टी काढली होती.

त्यांच्या बायकोला, शेवंताकाकूंना, स्तनाचा कॅन्सर झाला होता. औषधाने त्या बऱ्या झाल्या. ते औषध आधी उंदरांवर तपासलेलं होतं, हे काकांना मीच सांगितलं. शहाणपणा नडतो तो असा.

पुढे माझा प्रयोग सुरू झाला. गाठी असलेले वीस उंदीर. दहांना नवं औषध, दहांना नुसतं मिठाचं पाणी. औषधवाल्यांच्या गाठी निम्म्यानेच वाढल्या. मी हवेत होते. पेढेसुद्धा वाटले.

शोधनिबंध पाठवायच्या आदल्या दिवशी काका माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, औषधवाल्या पिंजऱ्यांत ते रोज संध्याकाळी मी गेल्यावर जास्तीचा कापूस घालत आणि सकाळी काढून घेत. शेवंतासारखं औषध सोसणाऱ्या जिवांना तेवढी तरी ऊब, म्हणून.

आपल्याला बरा वाटणारा एसीचा गारवा उंदरांना झोंबतो, आणि थंडीत त्यांच्या गाठी लवकर वाढतात, हे मी वाचलेलं होतं. आता गुण औषधाचा की कापसाचा, कोण सांगणार? उंदरांना लागू पडलेली बहुतेक औषधं तशीही माणसांत फसतात. इथे तर उंदरांचंच उत्तर बिघडलं होतं.

मी चिडून विचारलं, गप्प का नाही बसलात? निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, नोकरी जाऊ शकत होती.

"क्षिप्रा बेटा, ही दवा उद्या कुणाच्या तरी शेवंताला देतील," काका म्हणाले. "तिला कापूस कोण घालणार?"

मला फार लाज वाटली.

निबंध थांबवला. काकांना लेखी समज मिळाली, नोकरी राहिली. मी प्रयोग पुन्हा केला. या वेळी काकांनी वीसही पिंजऱ्यांत सारखा कापूस घातला, तोही वजन करून. दोन्हीकडच्या गाठी सारख्याच वाढल्या. माझं औषध कुचकामी होतं.

मी ते सांगायला गेले, तेव्हा काका तळवे घासत उभे होते. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "दुसरी दवा कधी आणतेस?"