टेकलेली अक्षरं

मित्रांनो, सायबर कॅफेतून लिहितोय. बोटांना अजून लाल रंग आहे.

आज सातपूरला बसस्टॉपसमोरच्या चपलांच्या दुकानाचा बोर्ड रंगवला. दुकानाचं नाव ‘सोबत’. मी तिन्ही अक्षरं एकमेकांच्या खांद्यावर टेकवली.

मालक बाहेर येऊन ओरडले, "अक्षरं पिऊन आलीत का रे? सरळ कर!"

माझं डोकंच फिरलं. "मग दुसरा पेंटर बघा!" म्हणत ब्रश डब्यात आपटला.

तेवढ्यात मालकीणकाकू गल्ल्यावरून उठून आल्या. बोर्डाकडे बघत म्हणाल्या, "अहो, राहू द्या. चालून दमलीत बिचारी, म्हणून टेकलीत."

मी ब्रश पुन्हा उचलला. कॉलेजच्या भित्तिपत्रकावर आमच्या वर्गातली एक मुलगी अशीच लिहायची. तिचं ‘उंच’ कागदाबाहेर जायचं, ‘भीती’ कोपऱ्यात अंग चोरून बसायची. मी शेजारी रंगाची वाटी धरून उभा. टेकलेलं ‘सोबत’ही तिचंच. मी सरांशी भांडून कॉलेज सोडलं आणि तिच्याशी बोलणंही तुटलं.

हल्ली ती कामाला जाताना याच स्टॉपवर उतरते म्हणे.

बोर्डाच्या कोपऱ्यात आम्ही पेंटर आपलं नाव टाकतो. आज मी नाही टाकलं.

खरं सांगा, नाव नसलं तरी तिला कळेल ना?