'आधी'चा फोटो काढायला युगांडात

भोपाळच्या अवधपुरीहून विमानतळाकडे निघाले तेव्हा माझ्या मांडीवर फ्लेक्सची गुंडाळी होती आणि ती रिक्षाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावत होती. आफ्रिकेतल्या निर्वासित तरुणांना समाजात सामावून घेण्याचा एक कार्यक्रम आहे. त्याचं 'कम्युनिकेशन' मी भोपाळमध्ये, आमच्या घराच्या मागच्या खोलीत बसून सांभाळते. दारावरची बेल वाजली तर मी आधी पडद्याआडून बघते आणि फोन वाजला तर तो थांबायची वाट बघते. हे काम मला कसं मिळालं कोण जाणे. बहुधा मुलाखतीत मी त्यांना मध्येच अडवलं नाही म्हणून.

फ्लेक्स नेहरू नगरमधल्या एका दुकानात छापून घेतला होता. दुकानदाराने पडद्यावर तो वरपासून खालपर्यंत पाहिला.

"मैडम, सब बढ़िया है, पर नेताजी का फोटो किधर आएगा?"

मी म्हटलं, नेताजी नाहीत.

"तो फिर पिरोगराम करा कौन रिया है?"

याचं नीट उत्तर मला आजही देता येत नाही.

जाण्याचं कारण सांगायला थोडी लाज वाटते. आमच्या वार्षिक अहवालात प्रत्येक तरुणाचे दोन फोटो शेजारी शेजारी लागतात, डावीकडे 'आधी' आणि उजवीकडे 'नंतर'. 'नंतर'चे फोटो ढीगभर होते. 'आधी'चे एकानेही काढले नव्हते. माणसं गाठोडी घेऊन सरहद्द ओलांडत होती तेव्हा आमच्या ऑफिसात कॅमेऱ्याची मंजुरी यायची होती. क्लेअर, म्हणजे लंडनमधली माझी वरिष्ठ, व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "तू तिकडे जा आणि 'आधी'चे फोटो घेऊन ये." मला वाटलं, नेटवर्क खराब आहे. नेटवर्क उत्तम होतं.

"तिकडे काय खातात कोण जाणे," म्हणत आईने भाजणीची पिशवी बॅगेत कोंबली. बाबांनी कारखान्यात नोकरी करताना जर्मनीचा एक दौरा केला होता, त्या अनुभवावर त्यांनी मला आफ्रिकेबद्दल सल्ले दिले.

मुंबईहून विमान युगांडातल्या एंटेबीला उतरतं तेव्हा खिडकीतून आधी फक्त पाणी दिसतं. भोपाळच्या माणसाला तलावाचं कौतुक कुणी सांगू नये, पण या तलावाला पलीकडचा काठच नव्हता. मला मनातल्या मनात थोडा राग आला. बाहेर आमचा ड्रायव्हर मोझेस माझ्या नावाची पाटी घेऊन उभा होता. पाटीवर नावाआधी 'मिस्टर' होतं. मी समोर उभी राहिले, तो माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत राहिला. शेवटी मीच पाटीवर बोट ठेवलं.

"ओह! तुम्हीच मिस्टर?" तो म्हणाला. "वेलकम, सिस्टर."

पश्चिमेकडे अर्ध्या दिवसाचा रस्ता. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा आणि लाल माती. गाडीचा एसी बंद होता, म्हणून काचा खाली होत्या, म्हणून ती माती माझ्या केसांत येऊन बसत होती. वाटेत मोझेसने 'रोलेक्स' खायला थांबवलं (अंड्याचं ऑम्लेट चपातीत गुंडाळून देतात, त्याला हे नाव). हातगाडीवरचा माणूस तव्यावर चपाती फिरवत होता, गोल, मऊ, पदर सुटलेली. आईची काळजी आठवली. माझी पोळी आजही श्रीलंकेच्या नकाशासारखी होते.

"तुमच्याकडे पण चपाती असते?" मोझेसने विचारलं.

"असते," मी म्हटलं, आणि विषय वाढवला नाही.

निर्वासितांच्या वस्तीत पोचलो. वर्षभर मी 'तंबूंच्या सावलीत उमलणारी स्वप्नं' वगैरे लिहीत आले होते. तिथे तंबू नव्हतेच. विटा-मातीची घरं होती, बाजार होता, मोबाईल दुरुस्तीची दुकानं होती, आणि एका टपरीवर इतक्या जोरात गाणी लागली होती की मला एकदम घरी, गणपतीत असल्यासारखं वाटलं. गाडीतून उतरताना पाय घसरला आणि मी फ्लेक्ससकट चिखलात बसले. आजूबाजूच्या बायका एकसुरात म्हणाल्या, "पोले! पोले साना!" (काँगोकडच्या स्वाहिलीत, 'अरेरे, फार वाईट झालं हो.') कुणी हसलं नाही. भोपाळमध्ये एवढा विचार कुणी केला नसता.

माझ्या यादीत पहिलं नाव फुराहाचं होतं. काँगोतून आलेली, माझ्याच वयाची. कार्यक्रमात केशरचना शिकली आणि आता युवा केंद्रासमोरच्या खोलीत तिचं दुकान आहे. खोली कार्यक्रमाची. ज्याची 'गोष्ट' अहवालात पूर्ण, म्हणजे दोन्ही चौकटी भरलेल्या, त्याला खोली पुढच्या वर्षीही मिळणार, असा नियम होता. हा नियम कुणी केला हे विचारलं तर सगळे छताकडे बघतात.

निळी भिंत, मोठा आरसा, फुलाफुलांचा झगा, कानात मोठाल्या रिंगा. फुराहा दारातच उभी होती. मी चिखलाने माखलेली. मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं, ते असं की, जमलं तर जुने कपडे घालून, जरा त्या दिवसांची आठवण काढून...

"म्हणजे रडू?" तिने विचारलं.

"नाही, नाही. फक्त... हसायचं नाही."

"आणि तो फोटो लागणार कुठे?"

"अहवालात. आणि युवा केंद्राच्या भिंतीवर, मोठा करून."

तिने समोरच्या भिंतीकडे पाहिलं. ती भिंत तिच्या दुकानाच्या दारातून सरळ दिसते.

"सिस्टर," ती सावकाश म्हणाली, "पुढच्या महिन्यात माझ्याकडे तीन नवऱ्या आहेत. नवरी कुणाकडून केस करून घेते? जिचं बरं चाललंय तिच्याकडून. समोर माझा फाटक्या कपड्यातला चेहरा लागला तर माझ्याकडे कोण येणार? सगळ्या येतील आणि पोले म्हणून जातील."

मीही त्या भिंतीकडे बघत राहिले. मला तेच जमतं.

"आणि नाही म्हटलं तर खोली जाणार," ती म्हणाली. "हो ना?"

त्यावर मला मान डोलवावीच लागली.

दुकानाच्या मागे जाऊन मी क्लेअरला फोन लावला. स्वतःहून फोन लावण्याची माझी ती बहुधा पहिलीच वेळ. म्हटलं, 'नंतर'चाच फोटो छापूया, छान आहे. क्लेअर फार प्रेमळ आहे, तिने मला पूर्ण बोलू दिलं. "मला तुझं पटतंय," ती म्हणाली, "पण डावी चौकट रिकामी असली तर सिस्टीम फाईल घेतच नाही. तिथे कुणाचा तरी फोटो लागतोच." आणि तिची दुसरी मीटिंग सुरू झाली.

परत आत आले तर फुराहा माझ्याकडे निरखून बघत होती. माझ्याकडे म्हणजे माझ्या डोक्याकडे. मी आरशात पाहिलं. केस लाल, ताठ, एका बाजूला चिखल. विमानात रात्र काढल्याने डोळ्यांखाली काळं, आणि चेहऱ्यावर तो भाव, जो आम्ही अहवालासाठी महिनोन्‌महिने शोधत असतो.

"हे असं कधीपासून?" तिने हळू आवाजात विचारलं.

"कालपासून."

"बस."

मी बसले. मग मला ते सुचलं. मी फोन तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "आधी एक फोटो काढ."

तिला कळायला एक क्षण लागला. मग ती इतकी हसली की बाजूच्या दुकानातली बाई बघायला आली. "हसू नकोस हं," फुराहा मला बजावत होती. "हात मांडीवर. खाली बघ. आठवण काढ तुझ्या कठीण दिवसांची." मी नर्सरीतल्या इंग्लिश मॅडमची आठवण काढली. फोटो उत्तम आला.

मग तिने केस धुतले, विंचरले आणि बारीक वेण्या घालायला घेतल्या. माझ्या केसांना ती 'मुहिंदी केस' (भारतीय लोकांचे) म्हणत होती आणि ते बोटांतून निसटले की त्यांच्याशी भांडत होती. दुपारभर बायका येत होत्या, बसत होत्या, माझ्या डोक्याची चर्चा करत होत्या. मी एकही शब्द बोलले नाही, आणि मला एकदाही अवघडल्यासारखं झालं नाही. कुणी मला सामावून घेतल्याचं जाहीर केलं नव्हतं, म्हणून असेल.

दुसरा फोटो मोझेसने काढला. मी खुर्चीत, वेण्या घालून, मागे हातात कंगवा घेतलेली फुराहा, राणीसारखी. फाईलमध्ये मी दोन्ही चौकटी भरल्या आणि खाली खरं तेच लिहिलं: 'डावीकडे, फुराहाच्या दुकानात येण्याआधी. उजवीकडे, फुराहाच्या दुकानातून निघताना.' सिस्टीमने फाईल घेतली. क्लेअरचं उत्तर लगेच आलं: "थक्क करणारं परिवर्तन! असेच पाठव." फुराहाची खोली कायम झाली. यादीतल्या बाकीच्या सगळ्यांनाही मग डोकं धुवायला, फोन दुरुस्त करायला आणि झगा शिवायला मीच सापडले. त्या वर्षीच्या अहवालात डावीकडच्या सगळ्या चौकटींत मी आहे. अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

फ्लेक्स तिथेच राहिला. चिखल पुसून फुराहाने तो दुकानाच्या गळक्या छपरावर उलटा टाकला. कार्यक्रमाने तिला दिलेलं ते पहिलं टिकाऊ छप्पर.

परत आले तेव्हा आईने दार उघडलं, वेण्या पाहिल्या आणि म्हणाली, "भाजणी खाल्लीस का?" मी ती फुराहाला देऊन आले होते. तिने ती केसांना लावायची समजून ठेवून घेतली असावी, अशी मला शंका आहे.

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या स्नेहसंमेलनात मला चार फोटो दाखवायला सांगितलं. पडद्यावर डावीकडचा फोटो आला आणि पहिल्या रांगेतल्या जोगळेकर काकूंनी पदर डोळ्यांना लावला.

"अगं बाई, काय ही दशा! कोण गं ही बिचारी?"

सभागृह हळहळलं. आई मागच्या रांगेतून म्हणाली, "अहो, आमचीच आहे ती."

त्याच संध्याकाळी फुराहाचा मेसेज आला. तिने तेच दोन फोटो मोठे करून युवा केंद्राच्या भिंतीवर लावलेत, दुकानाची जाहिरात म्हणून. नवऱ्या खूश आहेत. येणारी प्रत्येक बाई डावीकडच्या फोटोसमोर थांबते आणि पोले साना म्हणते. मग फुराहा सांगते, ही भारतातून आली होती, फार वाईट अवस्थेत होती, आता बरी आहे.

फोटो वापरायची परवानगी मीच दिली होती. कुठे लावणार, हे विचारायचं तिला सुचलं होतं. मला नाही.